न बोलण्याचा नवस

मी लहानपणी फार बोलायचे. आताही बोलते, पण आता ऐकणारे मध्येच उठून जातात. तेव्हा आमच्या घरात उठून जायला फारशी जागाच नव्हती, म्हणून सगळे ऐकून घ्यायचे. टेंभुर्णीत आमच्या गल्लीत मला चंद्रभागा अशी हाक कुणी मारल्याचं आठवत नाही. चंद्री टकळी म्हणायचे. ऐकायला हक्काचं माणूस एकच, माझी माय. पहाटे ती जात्यावर बसली की मी समोर बसून खुंट्याला हात लावायची. नुसता लावायचा, सगळा जोर तिचाच. ती ओवी म्हणायला लागली की मला काहीतरी विचारायचं सुचायचं. "थांब गं बये, ओवी तरी पुरी होऊ दे," असं ती म्हणायची आणि ओवी अर्धी टाकून मला उत्तर द्यायची. मग चूल, ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, कधी येसर मसाला लावलेली झणझणीत आमटी. ती भाकरी थापायची तो आवाज मी आजही शंभर बायकांत ओळखीन, तीन मोठ्या थापा आणि एक हलकी. घरात आम्ही चौघं. माय, बापू म्हणजे माझे वडील, बापूंची थोरली बहीण, तिला मी आत्या म्हणायचे, ती तरुणपणीच नवरा वारल्यावर माहेरी आलेली, आणि मी. माझ्या पाठची दोन भावंडं राहिली नाहीत. त्यामुळं मायचं कौतुकही सगळं मलाच आणि बोलणीही मलाच.

माय थट्टेखोर होती. बापू कमी बोलायचे आणि त्यांच्या तोंडात सदा तंबाखू, ती म्हणायची, "ह्यांचं तोंड रिकामं असंल तर बोलतील ना." आत्याचा देवधर्म कडक, पण तिलाही माय सोडायची नाही. मला वाटायचं हिला कशाचीच भीती नाही. एका सकाळी न्हाणीत ती अंगावरून पाणी घेत होती आणि मी तिची पाठ चोळून देत होते. हात घसरून पुढं गेला आणि छातीच्या डाव्या बाजूला काहीतरी कडक लागलं. मी विचारलं, हे काय गं? तिनं आणखी एक तांब्या अंगावर ओतून घेतला. मग म्हणाली, "पाव्हणी आली हाय. राहील चार दिवस, जाईल. तू गावभर दवंडी पिटू नको." मी गावभर पिटली नाही. पण दुपारच्या आत आत्याला सांगून टाकलं होतं.

पाव्हणी गेली नाही. आत्यानं शेजारच्या वस्तीवरची एक झाडपाला देणारी म्हातारी बोलावली. तिनं कसलासा हिरवा लेप दिला, गरम करून बांधायचा. दोन महिने तो लेप बांधला. गाठ तर विरघळली नाहीच, वरची कातडी मात्र फुटली, आणि चिघळलं. माय लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुवायची, चिंधी बदलायची, तरी वास यायचाच. एकदा मी सरपण घेऊन एकदम आत गेले तेव्हा ती चिंधी सोडून बसली होती. मी बघितलं आणि उलट्या पावली पळाले, ते थेट गोठ्यात. गव्हाणीपाशी मी दडून बसले, कारण मला त्या क्षणी कळलं होतं की माय मरू शकते. तिनं मात्र एवढंच पाहिलं होतं की मी तोंड फिरवून पळाले. परवा माझी नात मला सांगत होती, आजी, दर महिन्याला आपली आपणच हातानं तपासणी करायची असते, लवकर कळलं तर काही होत नाही. मी हो म्हणाले. आमच्याकडं कळलं लवकरच होतं गं, असं मनात आलं, पण मुलीला कशाला घाबरवा.

मग बापूंनी मायला जाफराबादला एका म्हाताऱ्या हकिमाकडं नेलं. आत्या बरोबर आणि शेपूट म्हणून मी. त्या हकीमसाहेबांची बायामाणसांसाठी वेगळीच रीत होती. बाई पडद्याआड बसायची. ते पडद्याखालून एक पितळी थाळी आत सरकवायचे. थाळीत एक मिरी, एक हरभरा, एक सुपारी, एक लिंबू आणि एक अक्रोड. गाठ ज्याच्याएवढी असेल ते आतल्या बाईनं बाहेर सरकवायचं. आत्यानं चाचपून लिंबू बाहेर सरकवलं. बाहेरून प्रश्न आला, "हिलती है, या जमी हुई है?" आत्यानं सांगितलं, हलत न्हाई. मग ते म्हणाले, बगल में देखो. आत्यानं काखेत हात घातला, तिचा चेहरा उतरला, आणि तिनं हरभराही बाहेर सरकवला. माय हळूच म्हणाली, "वन्सं, भाजीबाजारच मांडला म्हणा की माझ्या अंगात." बाहेर लिंबू आणि हरभरा थाळीत परत ठेवल्याचा आवाज आला. मग हकीमसाहेब बापूंना म्हणाले, "पाटील, ये सरतान है. हमारे बस का नै. जालन्यात मडम का दवाखाना है, वहाँ काटके निकालते. बिलकुल देर मत करो." कॅन्सर हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला, आमच्या घरात त्या रोगाचं नाव सरतान असंच शिरलं. गाडीत बसताना माय म्हणाली, "नाव तर कुण्या जहागीरदाराचं वाटून राह्यलं." बापू हसले नाहीत. मी तेवढी हसले.

जालन्याला जायचं ठरलं तसं गावातलं एकेक माणूस येऊन बसायला लागलं. कुणी म्हणे तिथं बाटवतात, कुणी म्हणे गुंगीची दवा देतात त्यातून माणूस उठतच नाही. आत्यानं सगळ्यांना चुलीवरच्या दुधाचं निमित्त काढून वाटेला लावलं आणि मग बापूंना आणि मला देवघरासमोर बसवलं. म्हणाली, "आता माणसाच्या हातात काय उरलं न्हाई. ज्याला जे जिवापाड आवडतं ते त्यानं देवापुढं सोडायचं, ती घरी येईस्तोवर. अन् काय सोडलं ते कुणाला सांगायचं न्हाई. सांगितला की नवस वाया." सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी बापूंची तंबाखूची चंची खुंटीला लटकलेली दिसली. आत्याला तेव्हा नव्यानंच चहाचं वेड लागलं होतं, तिनं किटली घासून पालथी घातली आणि दुपारपासून डोकं बांधून फिरायला लागली.

मी काय सोडावं याचा फार विचार केला. आधी गूळ आठवला. मग वाटलं देव काही खुळा नाही, गुळाच्या खड्यावर तो माझी माय परत देणार नाही. मला जिवापाड काय आवडतं? मायशी बोलणं. ते ध्यानात आलं तेव्हा मी देवघरापुढं एकटी होते, आणि मला ते ध्यानात आलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. पण देवानं तर मनातलं ऐकलं असणार, मग माघार कशी घ्यायची? मी हात जोडून म्हणाले, माय बरी होऊन आपल्या उंबऱ्यातून आत येईस्तोवर मी तिच्याशी एक शब्द बोलणार नाही. मोठी माणसं शपथ पक्की करायला पुढं काहीतरी जोडतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मीही जोडलं. बोलले तर तिला ने. हे आत्यानं सांगितलेलं नव्हतं. ते माझ्या मनचं. बारा वर्षांच्या पोरीला एवढी अक्कल देव देतो आणि थोडी जास्तीची मात्र देत नाही.

पहिल्या दिवशी मायला गंमत वाटली. "टकळीचं सूत तुटलं का काय?" म्हणाली. मी मान खाली घालून धपाट्यांचं पीठ मळत राहिले, वाटेसाठी शिदोरी करायची होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला चिडवून पाहिलं, खोटंच रागावून पाहिलं, शेजारणीबद्दल मला आवडतील अशा दोन गोष्टी रचून सांगितल्या. मी ओठ दाताखाली धरून बसले. तिसऱ्या दिवशी आम्ही गाडीत निघालो. टेंभुर्णीहून जालना म्हणजे बैलांना दीड दिवसाची वाट. वाटेत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. घुंगरमाळेचा आवाज, आत्याचं डोकं धरून बसणं, तंबाखूवाचून बापूंचं बैलांवर उगाच खेकसणं. माझ्या शेजारी माय बसली होती. थोड्या वेळानं ती सरकली आणि गाडीच्या पार टोकाला, वारा जात होता त्या बाजूला जाऊन बसली. पदर छातीवरून दोनदा घट्ट ओढून घेतला. मला कळलं. वास माझ्याकडं येऊ नये म्हणून ती सरकली होती. तिला वाटत होतं मला तिची किळस येते, म्हणून मी बोलत नाही. मला ओरडावंसं वाटलं की तसं नाही गं. पण ओरडले असते तर ती मेली असती, एवढा माझा देवावर विश्वास होता. त्या दीड दिवसाएवढी मोठी वाट मी पुढं आयुष्यात कधी चालले नाही.

दवाखाना मोठा, स्वच्छ, आणि त्याला एक औषधाचा वास. मडम उंच, गोरी, पांढरे केस. आमच्या बोलीत चार शब्द बोलायची आणि बाकीचं हातानं. तिनं मायला तपासलं आणि बापूंना सांगितलं की सगळी छाती त्या बाजूनं काढावी लागेल, काखेपर्यंत. काढूनही खात्री नाही, न काढता मात्र नक्की काही राहणार नाही. बापूंनी मान हलवली आणि बाहेर येऊन लिंबाखाली तोंड फिरवून उभे राहिले. बरोबर आलेल्या माणसांनी मागच्या पडवीत तीन दगड मांडून स्वयंपाक करायचा, अशी तिथली पद्धत. आत्यानं कण्या शिजवल्या. ताटं तशीच राहिली. माय सगळ्यांच्या ताटाकडं बघून म्हणाली, "ह्यांची तंबाखू गेली, वन्संचा चहा गेला, चंद्रीची जीभ गेली. माझ्या एका गाठीपायी सगळं घर उपाशी. मेले तर तेराव्याला तरी पोटभर जेवा." आत्या हसली आणि हसता हसता तोंडात पदर कोंबून रडायला लागली. बाहेर कापसाच्या जिनांचा भोंगा वाजला. मायनं माझ्याकडं पाहिलं, मी हसते का ते बघायला. मी ताटात बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत न्यायला आले. पांढरा सदरा घातला होता, केस फडक्यात बांधले होते, बांगड्या काढून आत्याच्या ओटीत दिल्या होत्या. त्या खोलीच्या दारापाशी आल्यावर माय थांबली आणि भिंतीला पाठ टेकवून खाली बसली. म्हणाली, "माझी पोर बोलल्याबिगर मी आत जात न्हाई." मडम म्हणाली, "बाई, जल्दी." माय उठली नाही. बापू मला म्हणाले, "चंद्रे, बोल." मी गप्प. ते पुन्हा म्हणाले. मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा बापूंनी मला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचीच. गाल भणभणला, तरी मी तोंड उघडलं नाही. आत्या माझ्याकडं रोखून बघत होती. तिला उमगलं असावं, कारण तिचा हात तोंडावर गेला, पण तीही काही बोलू शकत नव्हती, नियम तिनंच घातला होता.

मायनं मला जवळ ओढलं. थट्टा करील असं वाटलं, पण तिचा चेहरा असा मी कधी पाहिलाच नव्हता. ती फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "चंद्रे, मला लई भ्या वाटून राह्यलं गं."

मी म्हणाले, "माय, मी हितंच हाय. मला तुझी किळस न्हाई येत."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, उठली, आणि स्वतःच्या पायांनी आत गेली. दार लागलं. दार लागल्यावर मला कळलं की मी काय करून बसले. आत माझी माय होती आणि देवाला मी स्वतःच्या तोंडानं सांगून ठेवलं होतं, बोलले तर तिला ने. मी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले. किती वेळ गेला ते माहीत नाही. आतून भांड्याचा आवाज आला की मी खांब आणखी घट्ट धरायचे. दार उघडून एक नर्स बाहेर आली, घाईनं काहीतरी घेऊन परत गेली, आणि मी खांब धरूनच खाली बसले. बापू येऊन शेजारी बसले. मघा मारलेल्या गालाला हात लावायला गेले आणि हात मागं घेतला. मला त्यांना सांगायचं होतं की बापू, मी तिला मारलं. सांगण्याची हिंमत झाली नाही.

माय जगली. महिनाभर त्या दवाखान्यात राहिली. पट्ट्या सोडताना किंचाळायची आणि नंतर म्हणायची, "मडमेचा हात हलका हाय, माझंच तोंड जड." घरी येऊन उंबरा ओलांडला तेव्हा आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बापूंनी चंची खुंटीवरून काढली. आत्यानं किटली चुलीवर ठेवली. शेजारणी बघायला आल्या तेव्हा माय म्हणाली, "आता एका खणात माझ्या दोन चोळ्या होतील." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगळ्यांचे नवस फळले होते, सगळे मोकळे झाले होते. मी तेवढी मोकळी झाले नाही. देवानं लगेच नेलं नाही म्हणजे विसरला असं थोडंच आहे, असं मला वाटायचं. मी पुन्हा बोलायला लागले, पण मायला ठसका लागला की बोलणं थांबायचं. ती झोपली की मी तिच्या पोटाकडं बघत राहायची, वरखाली होतंय ना. एकदा तिनं विचारलं, तेव्हा का गं गप होतीस? मी म्हणाले, भ्या वाटत होतं. ते खरंच होतं, म्हणून पुढं काही सांगावं लागलं नाही.

पुढल्या सालात माझं लग्न झालं. सासर लांब, जांब समर्थच्या बाजूला. माहेरचा माणूस दारात दिसला की मी आधी त्याच्या तोंडाकडं बघायची, मग त्याला पाणी द्यायची. तीन वर्षं असा माणूस यायचा आणि हसत यायचा. चौथ्या खेपेला बापू स्वतः आले, आणि त्यांच्या तोंडात तंबाखू नव्हती.

मी तान्ह्या पोराला घेऊन टेंभुर्णीला आले. मायचा डावा हात सुजून मांडीएवढा झाला होता, धाप लागत होती. मडमेनं सांगितलं होतं, आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या. मधल्या खोलीत तिची बाज टाकली होती. मला बघून म्हणाली, "ये. तुझ्या पोराचं नाक माझ्यावर गेलंय, बिचारा." मी बाजेच्या कडेच्या लाकडावर डोकं टेकवलं आणि सगळं सांगून टाकलं. देवघर, नवस, त्याला जोडलेलं ते शेवटचं वाक्य, दारातलं बोलणं. चार वर्षं उरात साठलेलं एका दमात बाहेर आलं. शेवटी म्हणाले, "माय, मी बोलले म्हणून झालं हे. मीच बोलले."

ती ऐकत होती. मग तिला हसू आलं, हसताना धाप लागली, आत्यानं पाणी पाजलं. दम परत आल्यावर ती म्हणाली, "येडे, त्या दारात मी काय उगाच बसले होते का? मी बी देवाला बोलले होते. म्हणलं, आत मेले तरी चालंल, पर पोरीचा आवाज ऐकून जाऊ दे. देवानं माझं तवाच दिलं. वरची चार वर्सं तर मी मागितलीच नव्हती." मी रडत होते. तिनं चांगल्या हातानं माझी वेणी ओढली. "आता रडू नको. बोल. तुझी सासू कशी हाय, म्हैस किती दूध देती, सगळं सांग. अन् मधी थांबू नको."

मी सांगायला लागले. अकरा दिवस मी बोलत होते. सासूचं, म्हशीचं, विहिरीवरच्या भांडणांचं, पोराच्या दाताचं, जे सुचेल ते. सुरुवातीला ती मध्येच काहीतरी विचारायची. मग नुसती हुं म्हणायची. मग तेही थांबलं. शेवटच्या दिवशी दुपारी आत्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, चंद्रे, पुरे आता. मी हाताची बोटं तशीच मायच्या बोटांत ठेवली आणि पुढचं सांगायला लागले.